एन्काउंटरनंतर आधी पँट शोधा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला पहाटे दोनच्या सुमारास शहराबाहेरच्या रस्त्यावर पोलिसांची गोळी लागली, गुडघ्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'शॉर्ट एन्काउंटर' (पायावर गोळी झाडलेली चकमक) म्हणून बातमी आली. चौथ्या दिवशी मुलगा रुग्णालयात मरण पावला. ठाण्याचं म्हणणं, त्यानं कट्टा (गावठी पिस्तूल) चालवला म्हणून आम्ही चालवली. आईचं म्हणणं, त्याला आदल्या संध्याकाळीच घरून उचललं होतं. तर पोलिसाला गोळी झाडायचा हक्क नेमका किती, आणि आता कोणाकडे काय मागायचं?

हक्काचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. 'एन्काउंटर' हा शब्द कायद्यात कुठेच नाही, शॉर्टही नाही आणि फुलही नाही. पोलिसाला जीव घेण्याचा वेगळा परवाना कोणत्याही कलमानं दिलेला नाही. अटक करताना कोणी प्रतिकार केला तर लागेल तेवढं बळ वापरा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ म्हणतं. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार यातून मिळत नाही. इथे एक पळवाट नेहमी दिसते. मुलावर मूळ गुन्हा मोबाइल हिसकावल्याचा असतो, पण चकमकीनंतर त्याच्यावर भारतीय न्यायसंहितेचं कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागतं. पोलिसाला जखम दाखवली की त्यात जन्मठेप येते. म्हणजे ज्या गोळीबाराचं समर्थन करायचं, त्याच गोळीबारातून समर्थनाचा गुन्हा उभा केला जातो. म्हणून गोळी सुटण्याआधी त्याच्यावर कोणते गुन्हे होते, हे वेगळं लिहून काढा.

मग उरतो खासगी बचावाचा हक्क, न्यायसंहितेची कलमं ३४ ते ४४. तो तुम्हाला-मला आहे तेवढाच पोलिसाला आहे. जिवाला खरा धोका असेल तर आणि धोका टळेपर्यंतच. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हा बचाव सिद्ध करण्याचा भार तो घेणाऱ्यावर असतो (साक्ष अधिनियम, कलम १०८), फक्त 'निःसंशय' एवढी पातळी लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं. जमावावर गोळीबार, जसा ६ जून २०१७ ला मंदसौरला झाला आणि पाच जण गेले, हा वेगळा विषय आहे. तिथे नागरिक सुरक्षा संहितेची कलम १४८ पासूनची तरतूद आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम येतो. दोन्हींची गल्लत करू नका.

पायावर गोळी म्हणजे सौम्य, हा समज मात्र काढून टाका. गुडघ्याच्या मागून मोठी धमनी जाते. ती फुटली तर काही मिनिटांत माणूस रक्त वाहून जातो, वाचला तरी साधारण सहा तासांत रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही तर पाय कापावा लागतो. आणि तर्कानं बघा. समोरचा खरोखर आपल्यावर पिस्तूल रोखून आहे अशा क्षणी कोणी अंधारात हलत्या पिंडरीचा नेम धरत नाही, शरीराच्या मध्यावर धरतो. शांतपणे पायाचा नेम धरता आला असेल, तर तेवढा वेळ हाताशी होता. मग धोका किती होता, हा प्रश्न पोलिसांनाच विचारायचा.

आता कागद. सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल हाताशी ठेवा. मुंबईतल्या १९९५ ते १९९७ मधल्या चकमकींवरून तो आला. त्यात सोळा सूचना आहेत आणि घटनेच्या कलम १४१ खाली त्या देशभर कायदा म्हणून लागू आहेत. शेवटी एक वाक्य आहे जे ग्वाल्हेरात फार कामाचं आहे: चकमकीत मृत्यू न होता गंभीर जखम झाली तरी या सूचना शक्य तितक्या पाळायच्या. म्हणजे 'शॉर्ट' म्हटल्यानं कोणी यातून सुटत नाही.

पहिली सूचना खबरीबद्दल. गुन्हेगार अमुक ठिकाणी येणार अशी टीप मिळाली तर ती आधी लिहून ठेवायची, केस डायरीत किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. नाव-ठिकाण उघड करायची गरज नाही, पण नोंद हवी. आपल्याकडे ती रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, सापडते: 'मुखबिरकडून खबर, टीआय (ठाणेप्रमुख) यांना कळवलं, पथक रवाना', वेळेसह. रवानगीची वेळ, गाडीचा क्रमांक, कोणाला कोणतं शस्त्र आणि किती राउंड दिले, हे शस्त्रागाराच्या नोंदवहीत. परतल्यावर किती राउंड जमा झाले, तेही. हे दोन कागद शेजारी ठेवले की बरीच हकीकत आपोआप बोलते. रवानगी १ वाजून ४० मिनिटांनी, अंतर बावीस किलोमीटर आणि चकमक १ वाजून ५० मिनिटांनी असेल, तर कुठला तरी एक आकडा खोटा आहे.

दुसरी सूचना एफआयआरची: चकमकीत मृत्यू झाला तर तो नोंदवायचा. प्रत्यक्षात एकच एफआयआर होतो, मेलेल्या मुलावर: न्यायसंहितेची कलमं १०९, १३२ (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) आणि शस्त्र कायदा २५/२७. मृत्यूसाठी फक्त 'मर्ग' (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम होतो. आरोपीच मेला म्हणून पुढे त्या गुन्ह्याचा खात्मा लागतो, म्हणजे तपास बंद होतो, आणि गोळी कोणी, किती अंतरावरून, का झाडली हे कुठल्याच गुन्ह्याच्या तपासात येत नाही. घरचे महिनोन्‌महिने ज्या कागदाच्या मागे असतात, तो मुळात त्यांच्या मुलाविरुद्धचा कागद असतो. 'त्या आशयाचा एफआयआर' असं निकालात आहे, आणि मयतावरचा तोच तो एफआयआर, असं ठाणं सांगतं. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा तिसरी सूचना धरा: तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे हवा, आणि देखरेख करणारा अधिकारी चकमकीतल्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. त्याच ठाण्याचा सबइन्स्पेक्टर तपास अधिकारी म्हणून सही करत असेल, तर उल्लंघन पहिल्या पानावरच दिसतं.

आता शीर्षकातली पँट. गोळी किती अंतरावरून आली हे जखमेभोवतीच्या खुणांवरून कळतं. साधारण पंधरा ते तीस सेंटिमीटरच्या आत पिस्तूल असेल तर काजळी बसते. अर्धा-पाऊण मीटरपर्यंत न जळालेल्या दारूचे कण त्वचेत टोचून बारीक ठिपके उठतात. त्यापुढे नुसतं गोल भोक आणि घासल्याची कडा. पण मधे कपडा असेल तर काजळी आणि कण कपड्यावरच अडतात, त्वचा स्वच्छ दिसते. तुमच्या प्रकरणात तर त्वचाही उरलेली नाही. मुलगा चार दिवस जगला, म्हणजे शस्त्रक्रिया झाली, सर्जननं मेलेला भाग कापून काढला. शवविच्छेदन करणाऱ्याला मूळ जखम दिसणारच नाही. मग अंतर सांगणाऱ्या तीनच गोष्टी उरतात: अपघात विभागातल्या पहिल्या डॉक्टरचा एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या जखमीचा वैद्यकीय अहवाल) आणि त्यानं वर्णन केलेली जखम, पहिला एक्स-रे व ऑपरेशनच्या नोंदी, आणि ती पँट.

पँटचं नेहमी काय होतं? स्ट्रेचरवर कात्रीनं कापतात, कधी नेमकी भोकातूनच, आणि रक्ताळलेली म्हणून कोपऱ्यातल्या बादलीत टाकतात. किंवा ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत भरून मालखान्यात (ठाण्याच्या जप्त मालाच्या खोलीत) जाते आणि आठ दिवसांत बुरशी धरते. योग्य रीत अशी: भोकापासून दूर कापायचं, सावलीत वाळवायचं, घडी भोकावर न घालता मधे स्वच्छ कागद ठेवून कागदी पाकिटात सील करायचं, आणि जप्तीपत्रात 'उजव्या पायाच्या मागे गुडघ्यापाशी एक छिद्र' असं लिहायचं. एफएसएलकडे, म्हणजे ग्वाल्हेरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत किंवा सागरला, पँट गेली की नाही, हे आज विचारा. वीस मीटरवरून पळताना गोळी लागली असं कागद म्हणत असेल आणि पँटवर काजळी निघाली, तर पुढे फारसं बोलायला लागत नाही.

गोळीची दिशाही बघा. पळणाऱ्याला मागून लागलेली गोळी साधारण आडवी जाते. वरून खाली तिरपी उतरली असेल, तर माणूस बसलेला, गुडघ्यावर किंवा पडलेला होता का, हा प्रश्न येतो. निर्णय डॉक्टरनं द्यायचा, पण प्रश्न वकिलानं विचारायचा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं, त्यातला एक शक्यतो रुग्णालयाचा प्रमुख, आणि चित्रीकरण करायचं, असं निकालात आहे. ग्वाल्हेरात मुरारचं जिल्हा रुग्णालय आणि गजराराजा मेडिकल कॉलेजचा न्यायवैद्यक विभाग असताना, मनुष्यबळ नव्हतं ही सबब टिकत नाही. अहवालात मनगटाच्या खुणा बघा. दोरी किंवा बेडीची लाल रेघ, तळपायाचे वळ, जखमांचा रंग म्हणजे वय. आदल्या संध्याकाळी उचलल्याच्या गोष्टीला आधार इथेच मिळतो.

कट्ट्याचं एक सांगतो, कारण इथेच खोटं सगळ्यात जास्त अडखळतं. पोलिसांच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलातून प्रत्येक गोळीनंतर रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते, बहुधा उजवीकडे आणि काही मीटरवर. त्या पुंगळ्या कुठे पडल्या यावरून पोलीस कुठे उभे होते हे काढता येतं. म्हणून नकाशात प्रत्येक पुंगळीचं अंतर एखाद्या पक्क्या खुणेपासून लिहायचं असतं, 'झाडाजवळ' नव्हे. देशी कट्टा तसा नसतो. तीनशे पंधरा किंवा बारा बोरचा कट्टा एकबारी असतो, पुंगळी नळीत अडकून राहते, कधी इतकी फुगते की काडीनं ढोसून काढावी लागते. मुलानं एकदा गोळी झाडली आणि लगेच पायाला लागून पडला, असं कागद म्हणत असेल, तर पुंगळी कट्ट्याच्या आत सापडली पाहिजे. पंचनाम्यात 'कट्ट्यात एक जिवंत राउंड, जमिनीवर एक खोका' (रिकामी पुंगळी) असं असेल, तर त्यानं झाडली, कट्टा उघडला, पुंगळी ओढून काढली, दुसरी भरली, आणि हे सगळं दोन मीटरवर चार बंदुकधारी उभे असताना. अशक्य नाही. पण हे तपास अधिकाऱ्यानं समजावून सांगावं लागेल. आणि कट्ट्याची गोळी गेली कुठे? भिंतीत, गाडीच्या दारात, पोलिसाच्या जाकीटात? जाकीटाला लागली असेल तर ते जाकीट जप्त होऊन सील झालं का?

हातावरच्या बारूदीच्या अंशाची तपासणी (शिसं, बेरियम, अँटिमनी) जिवंत माणसाच्या बाबतीत चार-सहा तासांत झाली तर झाली. पुढे हात धुतला, सलाइन लागली, संपलं. बोटांचे ठसे घेण्याआधी हे नमुने घ्यायचे, नाहीतर शाईबरोबर पुरावा जातो. मृतदेह असेल तर हातांना कागदी पिशव्या बांधायच्या. देशी कट्ट्याची नळी आणि घोडा सैल असतात, गॅस सगळीकडून गळतो, हात काळा होतो. त्यामुळे अंश सापडलाच नाही तर शंका वाढते. पण सापडला म्हणून सिद्ध झालं असंही नाही, कारण ज्या हवालदारानं गोळी झाडून लगेच त्याचे हात धरले त्याच्याकडूनही तो लागू शकतो. या चाचणीवर दोन्ही बाजू गरजेपेक्षा जास्त भर देतात, असं माझं मत.

आणखी दोन गोष्टी तुमच्या प्रकरणाला खास लागू पडतात. मुलगा चार दिवस शुद्धीत होता का? सूचनेनुसार जखमीचा जबाब दंडाधिकाऱ्यानं किंवा डॉक्टरनं, तो बोलण्याच्या स्थितीत आहे असं प्रमाणपत्र घेऊन, नोंदवायचा असतो. नोंदवला असेल तर तो आता मृत्युपूर्व जबाब आहे. चार दिवसांत कोणीच आला नसेल, तर का, हे लिहून विचारा. केस-पेपरवर 'पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड' असे शेरे असतात, त्याची प्रत घ्या.

दुसरी जास्त मोठी. गोळी लागल्यानंतर त्याला अटक दाखवली, वॉर्डाबाहेर शिपाई बसवला. म्हणजे मृत्यू पोलीस कोठडीत झाला. अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ च्या पोटकलम २ खाली चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची असते, एसडीएमनं (उपविभागीय दंडाधिकाऱ्यानं) नव्हे. एसडीएमची चौकशी नुसत्या चकमकीतल्या मृत्यूला चालते, तीही टाळता येत नाही आणि तिचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. पण कोठडीतल्या मृत्यूत एसडीएमची नोटीस आली म्हणून तिथेच जबाब देऊन घरी बसू नका. 'जप्तीसाठी घेऊन गेलो होतो, वाटेत त्यानं पिस्तूल हिसकावलं' असं पोलीस सांगतात, त्या प्रकारालाही हेच कलम. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ चौघे असेच मारले गेले. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगानं पोलिसांची हकीकत अविश्वसनीय ठरवली, गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या असं म्हटलं आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. चौकशीची तारीख जवळच्या नातेवाइकाला कळवून त्याला हजर राहू देणंही कलमातच आहे. तुमच्याकडे नोटीस आली नसेल तर तो मुद्दा पहिला.

मानवाधिकार आयोगाकडे पोलिसांनी कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत आणि पोलीस कारवाईतला मृत्यू अठ्ठेचाळीस तासांत कळवायचा असतो. तुम्ही स्वतंत्रपणेही तक्रार करा, दिल्लीला किंवा भोपाळच्या राज्य आयोगाला. एकाच वेळी दोन्हीकडे नको, एकीकडे प्रकरण चालू असलं की दुसरीकडे बंद होतं. एक वर्षाची मुदत आहे, त्यानंतर आयोग हात लावत नाही. आयोग नुकसानभरपाईची शिफारस करतो, शिक्षा देत नाही. ती अपेक्षा ठेवू नका.

माझ्या मते सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सूचना सोळावी: सूचना पाळल्या नाहीत असं कुटुंबाला वाटलं तर सरळ सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. अर्जात भावनेची दोन वाक्यं पुरतात. पुढे क्रमांकानं लिहा: सूचना १, खबरीची नोंद दाखवली नाही. सूचना ३, तपास त्याच ठाण्याकडे. सूचना ६, जबाब नाही. सूचना १३, झाडलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा केल्याची पावती नाही. अशा अर्जाला 'चौकशी चालू आहे' एवढं उत्तर चालत नाही, एकेका क्रमांकाला उत्तर द्यावं लागतं.

शस्त्रांची तेरावी सूचना पोलिसाच्या घरच्यांनीही वाचावी, इथे तशी घरं पुष्कळ. ज्यानं खरोखर जीव वाचवायला गोळी झाडली, त्याचं पिस्तूल त्याच रात्री सील झालं तर त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार तेच असतं. महिनाभर वापरून, तेल घालून, मग पाठवलं तर त्याला कोणी वाचवू शकत नाही. त्याच निकालात त्याच्या घरच्यांना कळवणं आणि वकील देणंही आहे. आणि क्रमपूर्व पदोन्नती किंवा शौर्याचं बक्षीस घटनेनंतर लगेच द्यायचं नाही, असंही आहे. चंबळच्या या भागात इनाम आणि फीत यांची जुनी सवय असल्यानं हे वाक्य जरा मोठ्यानं वाचायला हवं.

पुढे खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी आडवी येते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८. नव्या संहितेत एक बदल चांगला झाला: सरकारनं १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. मंजुरीचा अर्ज पोहोचल्याची तारीख म्हणून जपून ठेवा.

तातडीचं काम मात्र कॅमेऱ्यांचं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सांगितलं आहे. पण गल्लीतल्या किराणा दुकानाचं, पेट्रोल पंपाचं, टोलनाक्याचं चित्रण पंधरा-तीस दिवसांत पुसलं जातं. मुलाला घरून नेलं त्या संध्याकाळचं चित्रण कोणाकडे आहे, ते आज जाऊन बघा. दुकानदाराला प्रत मागण्याआधी, चित्रण राखून ठेवा असं एका ओळीचं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. पोलिसांच्या मोबाइलचं टॉवर लोकेशन आणि गाडीचं जीपीएस राखून ठेवण्याचा अर्ज न्यायालयात करा, ठाण्यात नको.

आईला सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. शेजारी 'वाचून दाखवलं, समजलं' असं लिहून वाचणाऱ्याचं नाव, पत्ता, सही हवी. तो वाचणारा तुमच्या घरातलाच नसावा. अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.